‘फ्री टू प्ले’ आणि इनामाचा धनी : कोल्हापूरच्या कुस्ती-मैदानाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकावर व भ्रमणध्वनीवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक खेळांना ‘ई-स्पोर्ट्स’ हे नाव आता सर्वत्र रूढ झाले आहे. या क्षेत्रावरील माहितीपटांत ‘फ्री टू प्ले’ (२०१४) या सुमारे सव्वा तासाच्या माहितीपटाचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. ऑगस्ट २०११ मध्ये जर्मनीतील कलोन शहरी, गेम्सकॉम या प्रदर्शनात, ‘डोटा २’ या खेळाची ‘द इंटरनॅशनल’ ही पहिली स्पर्धा भरली. एकूण १६ लाख डॉलरची बक्षिसे आणि त्यांपैकी १० लाख डॉलर एकट्या विजेत्या संघास, ही त्या काळी या क्षेत्रात थक्क करणारी घोषणा होती. या स्पर्धेत उतरलेल्या तीन तरुणांची कथा हा माहितीपट सांगतो.

या कलाकृतीचा विचार कोल्हापुरातून करण्यास एक सबळ कारण आहे. खेळासाठी इनाम लावणे, ते गोळा करणे आणि त्याच्या मोठेपणावरून मैदानाची प्रतिष्ठा ठरवणे ही या भागातील जुनी व सुस्थिर सामाजिक प्रथा आहे. कुस्त्यांच्या जाहिरातीत जोडीच्या नावांबरोबरच इनामाची रक्कम आणि ते देणाऱ्याचे नाव छापलेले असते. इनाम किती, या प्रश्नाइतकाच इनाम कोणाचे, हा प्रश्नही येथील प्रेक्षक स्वाभाविकपणे विचारतो. ‘फ्री टू प्ले’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर वारंवार देतो. दुसरा मात्र तो उपस्थितच करीत नाही. या मौनाचा अर्थ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

माहितीपटाची मांडणी

माहितीपटाचे तीन नायक तीन देशांतील आहेत. युक्रेनचा दानिल इशुतिन, म्हणजे ‘डेंडी’, याचे वडील त्याच्या लहानपणीच वारले आहेत. सिंगापूरचा बेनेडिक्ट लिम, म्हणजे ‘हायहाय’, शिक्षण व कुटुंबाच्या अपेक्षा एकीकडे आणि खेळ दुसरीकडे अशा ओढाताणीत सापडला आहे. अमेरिकेच्या क्लिंटन लूमिस, म्हणजे ‘फिअर’, याला खेळापायी आईचे घर सोडावे लागले आहे. तिघांच्याही आयुष्यातील अभाव दिग्दर्शनाने संयमाने टिपले आहेत. घरची माणसे व जुने सोबती यांच्या मुलाखतींमुळे खेळाडूंच्या बोलण्याला वजन येते. ‘वेळ वाया घालवणारी मुले’ हा सर्वसाधारण समज दूर करण्यात माहितीपट निश्चितच यशस्वी ठरतो, आणि हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

कथेचा शेवट डेंडीच्या ‘नातुस विन्सेरे’ या संघाच्या विजयाने होतो. अंतिम फेरीत चीनच्या ‘इहोम’ या संघाचा पराभव होतो. या विजयाच्या उत्साहात इनामाच्या वाटणीकडे प्रेक्षकाचे लक्ष जात नाही. स्पर्धेत १६ संघ होते. विजेत्यास १० लाख, उपविजेत्यास २.५ लाख, तिसऱ्यास १.५ लाख, चौथ्यास ८० हजार, पुढील दोघांस प्रत्येकी ३५ हजार आणि त्यानंतरच्या दोघांस प्रत्येकी २५ हजार डॉलर अशी विभागणी होती. म्हणजे एकूण रकमेच्या ६२.५ टक्के वाटा एका संघाकडे गेला आणि आठ संघ रिकाम्या हाताने परतले. माहितीपट त्याग सर्वांचा दाखवतो. त्या त्यागाचे मोल मात्र फारच थोड्यांना मिळाले.

याहून महत्त्वाची बाब अशी की, स्पर्धेचे आयोजन, इनामाची रक्कम, खुद्द ‘डोटा २’ हा खेळ आणि प्रस्तुत माहितीपट या चारही गोष्टी ‘व्हॉल्व्ह’ या एकाच अमेरिकी कंपनीच्या आहेत. २०११ साली हा खेळ सर्वसामान्यांसाठी खुलाही झालेला नव्हता. कलोनची स्पर्धा हेच त्याचे पहिले मोठे जाहीर दर्शन होते. अशा स्थितीत १० लाख डॉलर हे इनाम होते तसेच ते जाहिरातीवरील खर्चही होते. माहितीपट या रकमेकडे मात्र नियतीने समोर ठेवलेल्या संधीप्रमाणे पाहतो. देणारा कोण, त्याने का दिले आणि उद्या तो देईल काय, हे प्रश्न कथानकाच्या बाहेरच राहतात. निर्माता आणि इनामाचा धनी एकच असल्यावर असे होणे अस्वाभाविक नाही. परंतु समीक्षकाने ते नोंदवणे आवश्यक आहे.

मैदानाचा हिशेब

आता कोल्हापूरच्या परंपरेकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधवले. १९१२ मध्ये ते कुस्तीसाठी खुले झाले. मल्लांना दरबाराचा आश्रय होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, राजाश्रयाचे स्वरूप केवळ विजेत्याच्या इनामापुरते नव्हते. तालीम, वस्ताद, मल्लाचा खुराक आणि मैदान या चारही अंगांवर दरबाराचा पैसा खर्च होत असे. इनाम हा या व्यवस्थेचा कळस होता. पाया त्याखाली आधीच घातलेला होता.

दुसरा स्रोत गावच्या जत्रेचा. जत्रा कमिटी घरटी वर्गणी गोळा करते आणि तिच्यातून कुस्त्यांचा फड भरतो. लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि चढत्या क्रमाने एक नंबरच्या कुस्तीपर्यंत इनाम वाढत जाते. हलगीच्या ठेक्यावर विजयी मल्ल मैदानाला फेरी मारतो तेव्हा प्रेक्षकही आपापल्या ऐपतीप्रमाणे त्याच्या हातावर बक्षीस ठेवतात. एखादे इनाम वडिलांच्या स्मरणार्थ, तर एखादे दुकानाच्या नावे लावलेले असते. म्हणजे जाहिरात येथेही आहे. मात्र देणारा गावातलाच असतो आणि वर्गणीचा हिशेब कमिटीला गावापुढे मांडावा लागतो.

तिसरा स्रोत संस्थांचा. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी आश्रयाचे जुने रूप संपले. पुढील काळात ही जागा काही अंशी सहकारी साखर कारखान्यांनी घेतली. वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ भरणारे मैदान किंवा कागलच्या शाहू कारखान्याच्या कुस्ती स्पर्धा ही याची परिचित उदाहरणे होत. होतकरू मल्लांना मानधन देण्याची प्रथाही याच क्षेत्रात रुजली. ऊसउत्पादक सभासदाच्या पैशातून मल्लाचा खुराक निघावा, ही व्यवस्था राजाश्रय आणि लोकवर्गणी यांच्या मधली म्हणता येईल.

या तिन्ही स्रोतांत एक समान सूत्र आहे. इनामाचा धनी कोणीही असो, कुस्तीचा धनी कोणी नव्हता. शाहू महाराजांनी मैदान बांधले, पण डावपेचांवर त्यांची मालकी नव्हती. १९४९ नंतर दरबार उरला नाही तरी तांबड्या मातीतली कुस्ती चालू राहिली, कारण ती थांबवण्याचा अधिकार कोणाच्याही हाती नव्हता. ई-स्पोर्ट्समध्ये नेमके हेच बदलते. तेथे मैदान, माती आणि डाव यांसह सारा खेळ एका कंपनीच्या मालमत्तेत मोडतो. ती कंपनी जेव्हा इनामही लावते, तेव्हा खेळाडूला दुसऱ्या मैदानावर जाण्याची वाटच उरत नाही.

वर्गणी की खरेदी?

यावर असा प्रतिवाद केला जाईल की, माहितीपटात दिसणारी व्यवस्था २०११ ची आहे. पुढे इनामाची रक्कम प्रेक्षकांनीच उभी केली. हा प्रतिवाद तपासून पाहण्याजोगा आहे.

२०१३ पासून व्हॉल्व्हने स्पर्धेनिमित्त सुमारे १० डॉलर किमतीची एक संगणकीय पुस्तिका विक्रीस काढली आणि तिच्या विक्रीतील २५ टक्के रक्कम बक्षीस निधीत घालण्याचे जाहीर केले. पुढे ‘बॅटल पास’ या नावाने ही योजना विस्तारली. विकत घेणाऱ्यास खेळातील पात्रांसाठी पोशाख, अलंकार व तत्सम दिखाऊ वस्तू मिळत. परिणाम विलक्षण झाला. २०१३ मध्ये निधी सुमारे २८.७ लाख डॉलर होता. २०१४ मध्ये तो १ कोटी ९ लाखांवर, २०१९ मध्ये ३ कोटी ४३ लाखांवर आणि २०२१ मध्ये ४ कोटी डॉलरवर गेला. ‘चाहत्यांनी उभारलेला निधी’ असे त्याचे वर्णन सर्वत्र होऊ लागले.

हे वर्णन हिशेबाच्या कसोटीवर उतरत नाही. २०२१ च्या निधीत कंपनीची स्वतःची मूळ रक्कम १६ लाख डॉलर होती. उरलेले सुमारे ३ कोटी ८४ लाख डॉलर हा विक्रीचा चौथा हिस्सा धरल्यास एकूण विक्री १५ कोटी ३६ लाख डॉलरच्या आसपास होते. म्हणजे ११ कोटी ५२ लाख डॉलर कंपनीकडे राहिले. त्यातून स्पर्धेचा व निर्मितीचा खर्च वजा होईल हे मान्य केले, तरी चार रुपये गोळा करून एक रुपया इनामात घालणाऱ्या जत्रा कमिटीला गाव काय म्हणेल, याची कल्पना करणे अवघड नाही. शिवाय ही रक्कम २०२० मध्ये गोळा झाली. महासाथीमुळे स्पर्धा मात्र ऑक्टोबर २०२१ मध्ये बुखारेस्टला झाली. पैसे देणाऱ्यांना या काळात विचारण्याचा अधिकार असा काहीच नव्हता, कारण कायद्याने ते वर्गणीदार नव्हतेच. ते ग्राहक होते आणि त्यांची वस्तू त्यांना मिळालेली होती.

ग्राहक आणि वर्गणीदार यांतील हा भेद २०२३ मध्ये उघड झाला. बहुसंख्य खेळाडू बॅटल पास विकत घेत नाहीत आणि त्याच्या निर्मितीत खेळाच्या इतर सुधारणांचा वेळ जातो, अशी भूमिका घेऊन व्हॉल्व्हने ही योजना बंद केली. त्याऐवजी आलेल्या मर्यादित पुस्तिकेमुळे निधी आदल्या वर्षीच्या सुमारे १ कोटी ८९ लाखांवरून साधारण ३२ लाख डॉलरवर घसरला. कंपनीचे कारण अयोग्य होते असे नाही. एका विक्रेत्याने एक माल बाजारातून काढून घेतला, एवढेच घडले. पण ज्या इनामाला लोकांचे म्हटले जात होते, ते लोकांना न विचारता पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर आणता आले. लोकाश्रयाच्या नावाखाली एकाच धन्याचा आश्रय चालू होता, हे यातून सिद्ध होते.

इनाम आणि खुराक

माहितीपटाची दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. घर सोडून खेळणारा फिअर, अभ्यास बाजूला ठेवणारा हायहाय यांचे हाल दाखवून माहितीपट प्रेक्षकाला अशा निष्कर्षाकडे नेतो की, मोठे इनाम आल्याने हे हाल सार्थकी लागले. वास्तविक इनाम हे स्पर्धेनंतर मिळते. खुराक त्याआधी लागतो. या दोहोंतील अंतर कोण भरून काढतो, हा खेळाच्या अर्थकारणातील मूलभूत प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूरच्या इतिहासातच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांना कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य मिळाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी दरबार राहिला नव्हता. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि गावोगावच्या लोकांनीही पदरमोड केली. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पदकाबरोबर पैसा नव्हता. परतल्यावर त्यांनी मैदानात कुस्त्या करून मिळालेल्या रकमेतून प्राचार्यांच्या कर्जाची फेड केली, असा वृत्तान्त त्यांच्या चरित्रविषयक लेखनात येतो.

या घटनेचा गौरव आपण नेहमी करतो. तिच्यातील व्यवस्थेचे अपयश मात्र दृष्टिआड होते. एका शिक्षकाचे घर गहाण पडावे, ही कोणत्याही क्रीडाधोरणाची योग्य रीत नव्हे. पण त्याच वेळी हेही दिसते की, जागतिक स्पर्धेचा खर्च स्थानिक मैदानाच्या इनामाने भरून काढला. खेळाडूला एकाहून अधिक मैदाने उपलब्ध होती म्हणूनच हे शक्य झाले. फिअरची तुलना येथे उद्बोधक ठरते. २०११ मध्ये अपयशी ठरलेल्या या खेळाडूने पुढे २०१५ मध्ये आपल्या संघासह हीच स्पर्धा जिंकली. त्या संघाचा वाटा ६६ लाख डॉलरहून अधिक होता. हे यश मोठे आहे, परंतु त्यासाठीही त्याला त्याच खेळात, त्याच धन्याच्या दारी थांबावे लागले.

काही आक्षेप आणि आजचा संदर्भ

प्रस्तुत विवेचनावर गतकाळाचे उदात्तीकरण केल्याचा आक्षेप येऊ शकतो. तो टाळण्यासाठी कुस्तीच्या व्यवस्थेतील उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून भरते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा होण्यास मात्र मार्च २०२३ उजाडावे लागले. ती सांगली येथे झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे पन्हाळा तालुक्याचा पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा गदा मिळाली पण रोख इनाम मिळाले नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी पुण्यात विजेत्या शिवराज राक्षेस गदेबरोबर जीप आणि पाच लाख रुपये मिळाले. एकाच किताबाच्या मोलात वर्षभरात एवढा फरक पडावा, यावरून आयोजकांच्या मर्जीवर इनाम किती अवलंबून आहे हे कळते. तथापि २०२२ च्या प्रसंगी मल्लाला जाहीर तक्रार करता आली, तिची चर्चा झाली आणि ती करताना त्याची कुस्ती कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते, हेही तितकेच खरे.

भारतीय ई-स्पोर्ट्सची स्थिती या दृष्टीने अधिक नाजूक आहे. ‘क्राफ्टन’ या दक्षिण कोरियाई कंपनीचा ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ जुलै २०२१ मध्ये आला आणि एक कोटी रुपयांची स्पर्धा कंपनीने जाहीर केली. जुलै २०२२ मध्ये सरकारी आदेशानुसार हा खेळ ॲप-विक्रीच्या मंचांवरून काढण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या काळात या खेळावर उपजीविका करू पाहणाऱ्या तरुणांचे मैदानच बंद झाले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत स्थान दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैशांचा डाव लावून खेळले जाणारे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांत स्पष्ट रेषा आखली. प्रवेशशुल्क आणि कामगिरीवर आधारित इनाम यांना तेथे वाव आहे; पैज व बोली यांना नाही. ही रेषा आवश्यकच होती. परंतु इनाम कोणी, किती काळ आणि कोणत्या हमीवर द्यावे, हा प्रश्न तिच्यामुळे सुटत नाही.

जागतिक पातळीवर तर चक्र पूर्ण फिरल्यासारखे दिसते. रियाध येथे २०२४ मध्ये भरलेल्या ‘ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप’मध्ये ६ कोटी डॉलरहून अधिक आणि २०२५ मध्ये ७ कोटी डॉलरहून अधिक इनाम होते, आणि त्यामागे सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीचे पाठबळ होते. कंपनीचे इनाम आटल्यावर राजाश्रय पुन्हा पुढे आला. कोल्हापूरचा अनुभव येथे एकच कसोटी सुचवतो : हा राजाश्रय कळसापुरता आहे की पायासाठीही आहे? इनामाबरोबर तालमीही उभ्या राहणार आहेत काय?

समारोप

‘फ्री टू प्ले’ हा प्रामाणिक भावनेचा, परंतु अपुऱ्या दृष्टीचा माहितीपट आहे. खेळाडूचे दुःख तो जवळून पाहतो, पण त्या दुःखावर उतारा म्हणून पुढे केलेल्या रकमेचा उगम तपासत नाही. शीर्षकातील ‘फ्री’ हा शब्द त्या दृष्टीने सूचक आहे. खेळायला मोल पडत नाही, पण खेळत राहायला पडते आणि ते मोल खेळाडूचे घर भरत असते.

इनामाच्या आकड्यावरून खेळाची प्रगती मोजण्याची सवय सोडून तीन साध्या प्रश्नांनी ती मोजणे अधिक योग्य ठरेल. इनामाचा धनी आणि खेळाचा धनी एकच आहे काय? पैसे देणाऱ्यांना हिशेब विचारता येतो काय? आणि हरणाऱ्याच्या खुराकाची काही सोय आहे काय? कुस्तीच्या परंपरेने यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले दिले, दुसऱ्याचे बऱ्यापैकी, तर तिसऱ्याचे कधी दिले आणि कधी टाळले. ई-स्पोर्ट्सकडे वळणाऱ्या आजच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना हे तिन्ही प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. स्पर्धेच्या जाहिरातीवर इनामाच्या आकड्याशेजारी त्यांची उत्तरेही छापलेली असावीत, अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरणार नाही.